पेट्रोल किती नंबरचं?

आमच्या नात्यात कुणी नवी गाडी घेतली की पेढ्यांच्या पाठोपाठ मला एक फोन ठरलेला. मी गाड्यांमधला कुणी तज्ज्ञ वगैरे नाही हो. उभा जन्म बँकेत गेला, दुसऱ्यांच्या आकड्यांची बेरीज बरोबर आहे की नाही ते बघण्यात. पण बाबांचं साताऱ्यात गॅरेज होतं, त्यामुळे 'मेकॅनिकचा मुलगा' ही पदवी मला जन्मतःच मिळाली, आणि नातेवाईक ती विसरू देत नाहीत. पूर्वी प्रश्न असायचे रंग कुठला घेऊ, सर्व्हिसिंग कितीला, टायरमध्ये हवा किती. अलीकडे एकच प्रश्न सगळ्यांच्या पुढे धावतो. पंपावर ते जास्त नंबरचं, जास्त पैशांचं पेट्रोल मिळतं, ते टाकायचं का?

या वेळी विचारणारा माझा भाचा होता. एक लिटरचं टर्बो इंजिन असलेली गाडी घेतलीय त्याने. कर्जावर, अर्थात. घर ते हिंजवडी आणि हिंजवडी ते घर, आणि महिन्यातून दोनदा साताऱ्याला आजोबांकडे. "मामा, मित्र म्हणतात हाय कॉम्प्रेशनचं इंजिन आहे, पंच्याण्णवच टाक, नाहीतर वाट लागेल. लिटरमागे सात रुपये जास्त पडतात. महिन्याला शंभर लिटर धर, सातशे रुपये. तेवढ्यात आईच्या बीपीच्या गोळ्या येतात."

आता असं कुणी विचारलं की 'टाक रे, काय होतंय' म्हणून फोन ठेवता येत नाही. म्हणून हा लेखप्रपंच. भाच्याला फोनवर तुकड्यातुकड्यांत जे सांगितलं ते इथे एकत्र लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवायची!

पहिला गैरसमज आधी काढून टाकू. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद, असं आपल्याला वाटतं. पंपावरच्या पाट्याही तसंच वाटायला लावतात. साध्या दुधापेक्षा म्हशीचं घट्ट दूध भारी, तसं काहीतरी. पण ऑक्टेनचा आकडा पेट्रोलमधली ताकद सांगतच नाही. तो सांगतो पेट्रोलचा धीर. दाबलं, तापवलं, तरी ठिणगी पडेपर्यंत ते गप्प बसू शकतं का, एवढंच.

दिवाळीतली लवंगी माळ डोळ्यापुढे आणा. वातीला उदबत्ती लावली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती ओळीने फुटत जाते. इंजिनातलं पेट्रोलही असंच जळायला हवं. प्लगपाशी ठिणगी पडते, ज्योत तिथून निघते आणि काही मिलिसेकंदांत सिलिंडरभर पसरते, पिस्टनला खाली रेटते. आता समजा माळ वातीकडून पेटत असतानाच दुसऱ्या टोकाच्या दहा लवंग्या गरम होऊन आपल्या आपण एकदम फुटल्या, तर? इंजिनातही तेच होतं. ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यात दाबलं गेलेलं मिश्रण भडकतं, दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात आणि बाहेर आवाज येतो. डब्यात खडे घालून हलवावेत तसा. इंग्रजीत नॉकिंग, पिंकिंग वगैरे. बाबांच्या गॅरेजमध्ये म्हणायचे, "गाडी नॉक करतीय." हे थोडं झालं तर नुसता आवाज, फार झालं आणि होत राहिलं तर पिस्टनला भोक.

मग दाब कमीच ठेवला तर? ठेवत होतेच की. पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते आणि वर गेल्यावर जेवढी उरते त्यांचं गुणोत्तर म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. जुन्या फियाट-ॲम्बॅसिडरचं ते आठच्या आतबाहेर. भाच्याच्या गाडीचं साडेदहा, आणि वर टर्बो हवा आणखी कोंबतो ती वेगळीच. हे आकडे वाढवायचा सोस कशाला, तर दाब वाढला की त्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं. कागदावरचं गणित मांडलं तर आठवरून साडेदहावर गेल्यास कार्यक्षमता छप्पन्न टक्क्यांवरून एकसष्टच्या आसपास जाते. प्रत्यक्षातल्या इंजिनाला यातलं बरंच कमी मिळतं, पण दिशा तीच. थोडक्यात, दाब वाढवा, फायदा घ्या, आणि तो दाब सोसेल असं पेट्रोल आणा. माझदा कंपनीने २०१२ च्या सुमारास तेरास एक एवढ्या कॉम्प्रेशनची इंजिनं अमेरिकेत तिथल्या साध्या पेट्रोलवर चालवून दाखवली. त्यांनी सिलिंडरमधली उरलेली गरम हवा बाहेर काढणं, पेट्रोल थेट आत फवारणं असे उपाय केले. म्हणजे नुसता कॉम्प्रेशनचा आकडा वाचून 'आता महाग पेट्रोल हवंच' असंही म्हणता येत नाही.

हा ऑक्टेनचा आकडा आला कुठून, हे मला फार उशिरा कळलं, आणि गोष्ट मोठी गमतीची आहे. १९२६ च्या सुमारास अमेरिकेत ग्रॅहॅम एडगर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दोन द्रव घेतले. एक आयसोऑक्टेन, जे अजिबात नॉक करायला तयार नव्हतं, त्याला दिले शंभर मार्क. दुसरं हेप्टेन, जे हात लावताच भडकायचं, त्याला शून्य. त्या काळी शुद्ध हेप्टेन मिळायचं ते जेफ्री पाइन नावाच्या झाडाच्या डिंकातून! मग कुठलंही पेट्रोल एका खास एक सिलिंडरच्या इंजिनात चालवायचं आणि त्याचं वागणं या दोघांच्या कुठल्या मिश्रणासारखं आहे ते बघायचं. ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्यासारखं वागलं, तर ते ९१ ऑक्टेन. संपलं. आपल्या पंपावरचा आकडा 'रिसर्च' पद्धतीचा, ज्यात ते इंजिन मिनिटाला ६०० फेरे फिरवतात. 'मोटर' पद्धतीत ९०० फेरे आणि मिश्रण जास्त तापवलेलं, म्हणून आकडा खाली येतो. अमेरिकेत पंपावर या दोहोंची सरासरी लिहितात. तिकडच्या आमच्या वाचकांनी ८७ वाचून 'आमच्याकडे पेट्रोल हलकं' असं वाटून घेऊ नये. तिकडचं ८७ म्हणजे इकडच्या मोजणीने साधारण ९१ च.

हे सगळं पुस्तकी झालं. आमच्या गॅरेजमध्ये ऑक्टेन हा शब्द फारसा कुणी उच्चारत नसे. तिथे होता तो कान.

बाबांनी गॅरेज सुरू केलं १९७२ साली, दुष्काळाच्या वर्षी. शटर, एक खड्डा, भिंतीवर पान्यांच्या आकृत्या रंगवलेल्या, आणि मारुतीच्या फोटोखाली सीबी पॉइंटचे जुने डबे. फियाट आली की बाबा बॉनेट उघडायचे, डेल्कोचा नट सैल करायचे, इंजिन चालू ठेवून डेल्को केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचे. डोळे मिटलेले. मग नट आवळून स्वतः गाडी घेऊन चढावर जायचे. चौथ्या गिअरमध्ये मुद्दाम सावकाश चढवायची आणि ॲक्सिलरेटर दाबायचा. क्षणभर खडखड होऊन लगेच थांबली पाहिजे. अजिबात झालीच नाही तर ठिणगी उशिरा पडतेय, गाडी पेट्रोल खाणार. थांबलीच नाही तर लवकर पडतेय, गाडी पिस्टन खाणार. "नॉकच्या एक पाऊल अलीकडं थांबायचं," एवढंच त्यांचं तंत्रज्ञान. त्या एका पावलात गिऱ्हाइकाचा महिन्याचा पेट्रोलखर्च असायचा.

पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलेलं असलं की तेही त्यांना कानानेच कळायचं. रॉकेलचा ऑक्टेन फारच खालचा, थोडं मिसळलं तरी एकूण आकडा घसरतो. काल जुळवलेली गाडी आज चढावर खडखडायला लागली की बाबा गाडीवाल्याला आधी विचारायचे, "कुठं भरलंस?" मग पंप बदलायला सांगायचे. टायमिंगला हात लावायचे नाहीत. "इंजिन खोटं बोलत न्हाई, पावती बोलंल," हे त्यांचं आवडतं वाक्य.

आता थोडं कडू लिहितो.

आमच्या गॅरेजमध्ये पोरं टाकीतून पेट्रोल काढायची ती नळीने. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात, आणि ओढायचं. पेट्रोल तोंडात आलं की थुंकायचं आणि नळी डब्यात सोडायची. बाबांनी आयुष्यभर हेच केलं. कार्बोरेटरचे जेट तोंडाने फुंकून साफ केले, पेट्रोलने हात धुतले आणि त्याच हातांनी दुपारची भाकरी खाल्ली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये हेच चालायचं, आपण सगळ्यांनी बघितलंय. आणि त्या पेट्रोलमध्ये होतं शिसं.

त्याचंही मूळ नॉकिंगमध्येच आहे. १९२१ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली याला सापडलं, की टेट्राएथिल लेड नावाचं रसायन पेट्रोलमध्ये चिमूटभर घातलं तर नॉकिंग थांबतं. अल्कोहोलनेही थांबतं हे त्या लोकांना ठाऊक होतं. पण अल्कोहोल कुणीही गाळू शकतो, त्याचं पेटंट कसं घेणार? शिशाचं घेता येत होतं. १९२३ मध्ये ओहायोतल्या डेटन गावी ते विकायला लागले. नाव ठेवलं 'एथिल'. शिसं हा शब्द नावातून गायब. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात ते बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्यावर मिजलीने पत्रकारांसमोर तेच रसायन हातावर ओतून घेतलं आणि हुंगून दाखवलं, बघा काही होत नाही म्हणून. त्याआधी तो स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी पडून फ्लोरिडाला विश्रांती घेऊन आलेला होता.

जगाने ते पेट्रोल त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं जाळलं. आपल्याकडे बिनशिशाचं पेट्रोल १९९५ च्या एप्रिलमध्ये चार महानगरांत आलं, ते उत्प्रेरक सायलेन्सरवाल्या नव्या गाड्यांसाठी. शिसं त्या उत्प्रेरकाला निकामी करतं, म्हणून. १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झालं. शेवटचा देश अल्जीरिया, तिथे २०२१ मध्ये थांबलं. बाबांचे हात आता थरथरतात. वय ब्याऐंशी आहे, या वयात थरथरतातच. डॉक्टरांना मी शिशाचं विचारलं, तर म्हणाले, इतक्या वर्षांनी कारण असं बोट ठेवून सांगता येत नाही. मी पुढे विचारलं नाही. पण साताऱ्याच्या गॅरेजमधली ती नळी मला अधूनमधून आठवते, आणि चाकाचा एक चढ सुखाने चढावा म्हणून माणसाने काय काय पोटात घातलं असं वाटून जातं.

असो. आजच्या गाडीकडे वळू.

भाच्याच्या गाडीत डेल्को नाही, सीबी पॉइंट नाहीत, आणि बाबांनी डोळे मिटून फिरवावं असं काहीच नाही. इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टने आवळलेलं एक बोटभर यंत्र आहे, नॉक सेन्सर. आत एक स्फटिक. ब्लॉक हादरला की तो किंचितशी वीज निर्माण करतो. नॉकच्या लाटांची एक ठरावीक पट्टी असते, सेकंदाला सहा-सात हजार कंपनांची, सिलिंडर अरुंद असेल तर थोडी वरची. गाडीतला संगणक तेवढीच पट्टी ऐकत बसलेला असतो. खडखड ऐकू आली की तो ठिणगी काही अंश उशिरा पाडतो. थांबली की हळूहळू परत पुढे सरकवत नेतो, पुन्हा खडखड होईपर्यंत. नॉकच्या एक पाऊल अलीकडे. सेकंदाला कितीतरी वेळा, रात्रंदिवस, न कंटाळता.

म्हणूनच आजच्या गाडीत कमी नंबरचं पेट्रोल टाकलं म्हणून सहसा लगेच पिस्टनला भोक पडत नाही. ठिणगी मागे सरकते, ओढ थोडी कमी होते, पेट्रोल थोडं जास्त लागतं. आणि जास्त नंबरचं टाकलं तर? इंजिनाला त्या जादा धीराची गरज असेल, म्हणजे संगणक एरवी ठिणगी मागे घेत असेल, तरच फायदा. ज्या साध्या इंजिनात नॉक होतच नाही, तिथे सत्त्याण्णव टाका नाहीतर शंभर, संगणकाला पुढे सरकवण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

गेल्या वर्षी बाबांच्या कानांची तपासणी केली. टीव्हीचा आवाज वाढत वाढत शेजाऱ्यांपर्यंत पोचला होता. त्या तपासणीचा एक आलेख येतो. डावीकडे खालचे स्वर, उजवीकडे वरचे, आठ हजार कंपनांपर्यंत. बाबांची रेघ डावीकडे बरी होती. दोन हजारांनंतर ती जिना उतरावा तशी खाली गेली. वयाने आधी वरचे स्वरच जातात, आणि चौतीस वर्षं हातोड्यांच्या आणि सायलेन्सर काढलेल्या इंजिनांच्या आवाजात काढली तर लवकर जातात, असं तिथल्या बाईंनी समजावलं. मी रेघ बघत होतो. चार हजार, सहा हजार, आठ हजार. नॉकची जी पट्टी, नेमकी तीच बाबांकडे उरली नव्हती. इंजिनाच्या सगळ्या आवाजांतून जो एक आवाज निवडून काढण्यावर त्यांनी संसार केला, दोन मुलांची शिक्षणं केली, तोच आधी गेला.

बाबांनी विचारलं, "काय म्हणतंय?" मी सांगितलं, बारीक आवाज ऐकू येत नाहीत. ते म्हणाले, "मग ठीकाय. मोठ्यानंच बोलत जावा."

तर, भाच्याचा प्रश्न. मी बँकेतला माणूस, मला वही लागते. ठरवलं की पाच टाक्या साध्या पेट्रोलच्या आणि पाच त्या पंच्याण्णव पाटीच्या. एकच पंप, टाकी काठोकाठ नाही तर पहिल्या 'क्लिक'पर्यंत, टायरमधली हवा दर वेळी तपासलेली, रस्ता तोच. भाच्याने सगळं इमानदारीने लिहिलं. साध्या पेट्रोलवर सरासरी पडली १५.८, महागावर १६.१. लिटरमागे तीनशे मीटर! आम्ही भरलं तेव्हा साधं १०४ च्या आसपास होतं आणि महाग १११ च्या. भागाकार केला तर महाग पेट्रोलवर किलोमीटरमागे तीस पैसे जास्तच गेले. दीड हजार किलोमीटरला साडेचारशे रुपये. एवढा फरक तर एसीचा आकडा एकने वाढवला तरी पडतो, आणि पाच टाक्यांवरून त्या तीनशे मीटरचीही खात्री देता येत नाही.

कारण शोधताना एक गंमत कळली. आपल्याकडे साधं पेट्रोल बरीच वर्षं ९१ ऑक्टेनचं होतं, त्याआधी आणखी खालचं. आता त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. २०२३ मध्ये निवडक पंपांवर हे पेट्रोल आलं आणि २०२५ मध्ये देशाने वीस टक्क्यांचा टप्पा गाठला. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर, वाफ होताना ते सिलिंडरमधली हवा गारही करतं. त्यामुळे या वीस टक्केवाल्या पेट्रोलच्या मानकातच किमान ९५ ऑक्टेन धरलेला आहे. म्हणजे भाचा ज्या आकड्यासाठी सात रुपये जास्त मोजत होता, तो आकडा साध्या नळीतून येतच होता. महागातल्या सात रुपयांत मग उरतात ती इंजिन आतून स्वच्छ ठेवणारी रसायनं.

फुकट मात्र काहीच नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. धीर जास्त, ताकद कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय, की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणावर जुळवलेल्या मोटारींचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटू शकतं, आणि वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या नव्या गाड्यांचं एक-दोन टक्क्यांनी. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर यांचीही काळजी घ्यावी लागते. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, याचा याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही. आणि मला आणखी एका गोष्टीचं हसू आलं. १९२१ मध्ये पेटंट मिळत नाही म्हणून ज्या अल्कोहोलला बाजूला सारलं, तेच शंभर वर्षांनी आमच्या साताऱ्या-कोल्हापूरच्या उसातून गाडीच्या टाकीत आलं. उसाला पाणी किती लागतं, तो वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी.

या वहीच्या भानगडीत एक फेरी बाबांना घेऊन झाली. भाच्याने गाडीच्या सॉकेटमध्ये एक छोटं यंत्र खोचलं होतं, त्यावरून ठिणगी किती अंश आधी पडतेय ते मोबाईलवर दिसतं. पुण्याहून साताऱ्याकडे, मे महिना, चार माणसं, एसी चालू आणि खंबाटकी घाट. बाबा पुढे बसले होते. त्यांना इंजिनाचा आवाज जेमतेम येत असावा. हात मात्र डॅशबोर्डवर. एका वळणावर भाच्याने गिअर न बदलता तशीच ओढली. बाबा म्हणाले, "गाडी मेली बघ. खालचा घे." त्याच क्षणी माझ्या हातातल्या मोबाईलवरचा आकडा खाली गेला होता. मला, भाच्याला, मागे बसलेल्या ताईला, कुणालाही काहीही ऐकू आलं नव्हतं. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. मी त्यांना मोबाईल दाखवला आणि मोठ्याने समजावलं, की गाडी स्वतः ऐकते, ठिणगी मागे घेते, मग पुढे नेते. त्यांनी आकडा वर-खाली होताना बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "म्हंजे डेल्को फिरवतंय की." आणि थोड्या वेळाने, "बरंय. याला म्हातारपण न्हाई."

स्फटिकाला म्हातारपण नाही, हे खरं. पण त्या स्फटिकाला एक पाऊल अलीकडे थांबायला कुणीतरी शिकवलं, आणि ते शिकवणाऱ्याने आधी कुठल्यातरी चढावर कान लावून ऐकलंच असणार. बाबांना हे मी बोललो नाही. एवढं मोठ्याने ओरडून बोलण्यासारखं ते वाक्य नव्हतं.

आता नातेवाइकांसाठी सारांश, कारण बरेच जण थेट खालीच येतात हे मला माहीत आहे.

टाकीच्या झाकणाच्या आतला स्टिकर वाचा. तिथे किंवा गाडीबरोबरच्या पुस्तकात किमान ऑक्टेन लिहिलेला असतो. भाच्याच्या गाडीवर किमान ९१ आणि शिफारस ९५ होती. गाडी वीस टक्के इथेनॉलसाठी बनलेली असेल आणि मागणी ९५ पर्यंतच असेल, तर साधं भरा आणि सुखाने झोपा. पुस्तकात ९७-९८ लिहिलं असेल, तर मात्र तेवढं द्या, तिथे काटकसर नको. ती गाडी घेतानाच तो खर्च कबूल केलेला असतो. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल २०२० च्या डिसेंबरात दिल्लीत १६० रुपयांनी विकायला आलं, तेव्हा साधं तिथे ८२ च्या आसपास होतं. ते या मंडळींसाठी. आठवड्याला बाजारहाट करणाऱ्या छोट्या गाडीत ते ओतणं म्हणजे माठाला चांदीची झारी. आणि पेट्रोल कुठलंही असो, चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटू नका. खालचा गिअर घ्यायला पैसे पडत नाहीत. आणि हो, नळीने तोंडाने पेट्रोल ओढणारा पोरगा कुठे दिसला तर त्याला अडवा. आता शिसं नाही, पण पेट्रोल ते पेट्रोलच. हातपंप दीडदोनशे रुपयांत मिळतो.

भाचा साधं भरतोय. ताईच्या गोळ्या वेळेवर येतात. बाबांना कानाचं यंत्र घेतलंय, ते रोज संध्याकाळी काढून डबीत ठेवतात आणि म्हणतात की यात भांड्यांचा आवाज फार येतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुना गॅरेजवाला, गिरणीवाला, कासार, लोहार असेल, तर त्यांचे कान एकदा तपासून घ्या. आणि त्यांना कुठला आवाज ओळखता यायचा तेही विचारून ठेवा. मला बाबांकडून अजून तीन-चार आवाज लिहून घ्यायचे आहेत. टॅपेटचा, बेअरिंगचा, आणि क्लच जायच्या आधी येतो तो एक.